उपग्रहावरून हवेतलं बाष्प काढणं: रिग्रेशनवर कितपत विसंबावं?

निरभ्र (धागाकर्ता)

हवेचा एक उभा स्तंभ घ्या, जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंत. त्यातलं सगळं बाष्प द्रवरूप करून तळाशी साठवलं तर जेवढ्या जाडीचा थर होईल त्याला इथे आपण बाष्पसंचय म्हणू. एकक मिलिमीटर किंवा दर चौरस मीटरला किलोग्रॅम, आकडा एकच येतो. जगाची सरासरी २५ मिमीच्या आसपास. उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवर ५०-६०, ध्रुवांकडे जेमतेम काही मिमी.

उपग्रहाला बाष्प थेट मोजता येत नाही. त्याच्या हाती पडतं ते निरनिराळ्या तरंगलांबींवरचं उत्सर्जन. त्यामुळे मी सरधोपट मार्ग धरला. एका बाजूला रेडिओसोंडच्या (तापमान आणि ओल मोजत वर जाणाऱ्या मापकाच्या) फुग्यांवरून काढलेला बाष्पसंचय, दुसऱ्या बाजूला त्याच सुमारास तिथून गेलेल्या उपग्रहाच्या वाहिन्यांची ब्राइटनेस टेम्परेचर (वाहिनी म्हणजे तरंगलांबींचा एक पट्टा, ब्राइटनेस टेम्परेचर म्हणजे तिथलं उत्सर्जन तापमानाच्या भाषेत), आणि मधे रिग्रेशन, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं समीकरण. सहसंबंध गुणक दृष्ट लागण्यासारखा येतो.

पण एक गोष्ट काही केल्या जात नाही. हवा फार दमट असली की माझा अंदाज कमी पडतो आणि फार कोरडी असली की जास्त येतो. वाहिन्या वाढवल्या, वर्गपदं घातली, नमुना बदलला, तरी तेच. हा भौतिकीचा दोष आहे की संख्याशास्त्राचा? आणि एवढा चांगला सहसंबंध असताना तो दिसावाच का? जाणकारांनी लिहावं. सविस्तर लिहिलं तर उत्तम.

मेघदर्शी

वाचनखूण साठवली. वाचतोय.

शंकासुर

यात विचारायचं काय? न्यूरल नेटवर्क टाका, विषय संपला. २०२० नंतर कोण रिग्रेशन करतं?

आकडेमोड्या

निरभ्र, दोष म्हणालात तर कुणाचाच नाही. किमान वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान ठेवणारी, रिग्रेशनची नेहमीची रीत) हेच करायला हवं होतं आणि ती तेच करते आहे.

तुमच्या समीकरणाने बाष्पातल्या एकूण चढउतारापैकी ८० टक्के स्पष्ट केला असं धरा. म्हणजे तुमच्या अंदाजांचं विचरण (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) खऱ्या विचरणाच्या ८० टक्केच असणार. उरलेल्या २० टक्क्यांबद्दल वाहिन्यांमध्ये माहितीच नाही, आणि माहिती नसली की रिग्रेशन सरासरीकडे झुकतं. नमुन्याची सरासरी ३० मिमी असेल तर ज्या दिवशी खरोखर ६० मिमी आहे त्या दिवसांचा सरासरी अंदाज येईल ३० + ०.८ × ३० = ५४. खरा आकडा १० असेल तेव्हा ३० − ०.८ × २० = १४. तुम्हाला दिसतंय ते हेच.

आता खरी गंमत. तुम्ही आलेखाच्या आडव्या अक्षावर फुग्याचा आकडा ठेवला असणार. अक्ष उलटे करा, आडव्यावर अंदाज ठेवा. मग हा कल नाहीसा होईल. 'अंदाज ५४ आला त्या सगळ्या दिवशी खरं बाष्प सरासरीने किती होतं' असं विचारलं तर उत्तर ५४ च. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. हवामानाचा सरासरी नकाशा करायचा असेल तर हा आक्रसलेला अंदाज चालतो. अतिवृष्टीच्या आधीची टोकाची ओल पकडायची असेल तर तो नेमका हवा तिथे दगा देतो. त्यामुळे अंदाज कशासाठी हवा आहे ते आधी ठरवा.

शंकासुर, न्यूरल नेटवर्कलाही वर्गित त्रुटी कमी करायलाच शिकवलं तर तेही असंच आक्रसतं. वाहिन्यांत नसलेली माहिती ते आणणार कुठून?

शंकासुर

बरं बरं. पण नॉनलिनिअर नातं पकडेल की नाही?

आकडेमोड्या

ते पकडेल, त्यात वाद नाही. पण ते तर साध्या वर्गपदानेही बरंचसं पकडता येतं. दवबिंदू यांना मायक्रोवेव्हचं जास्त ठाऊक आहे, त्यांनी लिहावं.

दवबिंदू

हाक मारलीतच तर लिहिते.

समुद्रावर मायक्रोवेव्हने बाष्प काढणं हे या सगळ्या प्रकारातलं सर्वात सुखाचं काम. बाष्पाची एक क्षीण शोषणरेषा २२.२३५ गिगाहर्ट्झला आहे. समुद्राची उत्सर्जकता (आदर्श उत्सर्जकाच्या तुलनेत किती उत्सर्जन होतं ते) या टप्प्यात कमी, निम्म्याच्या आगेमागे, त्यामुळे पार्श्वभूमी थंड दिसते आणि तिच्यावर बाष्पाचं ऊबदार उत्सर्जन उठून येतं. काळ्या फळ्यावर खडूने लिहावं तसं. जमिनीची उत्सर्जकता ०.९ च्या वर जाते, पार्श्वभूमीच उबदार असते, आणि तोच खडू पांढऱ्या भिंतीवर चालवल्यासारखं होतं. म्हणून या वारंवारितेची सूत्रं समुद्रापुरतीच असतात.

१९८७ मध्ये डीएमएसपी एफ-८ या उपग्रहाबरोबर एसएसएम/आय हे उपकरण वर गेलं. त्यासाठी अॅलिशाउस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेलं सूत्र बघा. शुद्ध रिग्रेशन आहे, उभ्या ध्रुवणाच्या १९, २२ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या वाहिन्यांवर:

बाष्प = २३२.८९ − ०.१४८६ × ट१९ − १.८२९१ × ट२२ − ०.३६९५ × ट३७ + ०.००६१९३ × ट२२ × ट२२

'ट' म्हणजे केल्विनमधलं ब्राइटनेस टेम्परेचर. ट१९, ट२२ आणि ट३७ अनुक्रमे २००, २२० आणि २१५ घातले तर उत्तर सुमारे २१ मिमी. २१५, २५० आणि २३० घातले तर सुमारे ४६. करून बघा.

या एका ओळीत बरंच भौतिकी दडलंय. ३७ चा गुणक ऋण का? कारण ढगातलं द्रव पाणी आणि वाऱ्याने खवळलेला पृष्ठभाग यांनी ३७ ची वाहिनी तापते. २२ च्या वाहिनीत त्यांचा जो हिस्सा मिसळलेला असतो तो ३७ वजा करून काढला जातो. रिग्रेशनला हे कुणी शिकवलं नाही, आकड्यांतून ते आपोआप आलं.

आणि वर्गपद का? बाष्प वाढत जातं तशी २२ ची वाहिनी संपृक्त होऊ लागते, म्हणजे दर जादा मिलिमीटरमागे तापमानाची वाढ कमी कमी होते. उलट दिशेने पाहिलं तर दर केल्विनमागे जास्त मिलिमीटर मोजावे लागतात. सूत्राचा उतार काढा: ट२२ = २२० ला दर केल्विनमागे सुमारे ०.९ मिमी, २५० ला सुमारे १.२७ मिमी. म्हणजे उपकरणातला तोच एक केल्विनचा गोंगाट (मापनातली कशीही वरखाली होणारी चूक) ओल्या हवेत जास्त महागात पडतो. निरभ्र, तुमच्या ओल्या टोकाला आक्रसण्याबरोबर हेही आहे का ते तपासा.

एक सूचना: पाऊस चालू असेल तिथे हे सूत्र लावू नका. थेंबांच्या उत्सर्जनाने आणि विकिरणाने सगळं नातंच बदलतं.

मेघदर्शी

+१. सूत्र वहीत उतरवून घेतलं, दोन्ही उत्तरं तंतोतंत आली. छान वाटलं.

निरभ्र

दवबिंदू, आकडेमोड्या, आभार. आलेखाचे अक्ष उलटे करून पाहिले. कल खरोखर गेला! डोकं थोडं गरगरलं, पण पटलं.

माझ्या वाहिन्या मात्र अवरक्त (इन्फ्रारेड) आहेत, ११ आणि १२ मायक्रॉनच्या, शिवाय ६.७ मायक्रॉनच्या आसपासची बाष्पवाहिनी. माझी स्थानकं जमिनीवरची आहेत.

कललेली_कक्षा

मग इथे मी शिरतो.

पहिलं म्हणजे ६.७ मायक्रॉनची वाहिनी. नाव बाष्पवाहिनी असलं तरी ती दाखवते मध्य आणि वरच्या तपांबरातली ओल. बाष्पाचा मोठा साठा असतो खालच्या दोन-तीन किलोमीटरांत, आणि तिथलं उत्सर्जन वर पोचायच्या आत शोषलं जातं. तरीही तिचा बाष्पसंचयाशी सहसंबंध येतो, कारण वरची ओल आणि खालची ओल हवामानात बऱ्याचदा जोडीने वाढतात. म्हणजे रिग्रेशन त्या वाहिनीतून खालचं बाष्प मोजत नाही, वरचं मोजून खालचं अनुमानतं. ज्या दिवशी खाली दमट आणि वर कोरडं असेल त्या दिवशी ते तोंडावर आपटतं. मायक्रोवेव्हमध्ये १८३.३१ गिगाहर्ट्झच्या जोरकस रेषेचंही असंच. २०११ च्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरच्या सफीर उपकरणात या रेषेभोवती सहा वाहिन्या होत्या. रेषेच्या मध्याजवळची वाहिनी उंचावरचं पाहते, दूरची खालचं.

११ आणि १२ चं काम वेगळं. १२ मायक्रॉनला बाष्प अधिक शोषतं, त्यामुळे दोन्ही तापमानांतला फरक बाष्पाबरोबर वाढतो. समुद्रावर हे बरं चालतं. जमिनीवर मातीची आणि खडकाची उत्सर्जकता दोन्ही वाहिन्यांत सारखी नसते, त्यामुळे तो फरक बाष्पाचा की जमिनीचा हेच कळत नाही.

यावर एक सुंदर संख्याशास्त्रीय युक्ती आहे, सोब्रिनो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडलेली. एका लहान चौकटीतले शेजारी पिक्सेल घ्या. त्यांच्यावरची हवा सारखी, पण खालच्या जमिनीचं तापमान ठिकठिकाणी वेगळं, असं गृहीत धरा. जमीन एका पिक्सेलकडून दुसऱ्याकडे जाताना जेवढी तापते त्याचा थोडाच भाग हवेतून वर पोचतो. ११ मध्ये जास्त, १२ मध्ये कमी. तेव्हा त्या चौकटीत १२ चं ११ वर रिग्रेशन केलं तर मिळणारा उतार म्हणजे दोन्ही वाहिन्यांच्या पारगम्यतेचं गुणोत्तर, उत्सर्जकतेचा थोडा हिस्सा सोडला तर. बाष्प जास्त तर उतार कमी. फुग्याशी गाठ न घालता, एकाच चित्रातून, नुसत्या सहविचरण (दोन वाहिन्या किती जोडीने बदलतात ते) भागिले विचरण एवढ्यावर माहिती हाती येते. उताराला मिलिमीटरमध्ये बदलणारे गुणक तेवढे किरणवहनाच्या (हवेतून किरण कसे पार होतात त्याच्या) गणितातून आधी काढून ठेवावे लागतात.

आकडेमोड्या

कललेली_कक्षा, ही पद्धत मला फार आवडते, पण तिच्यात एक चोरवाट आहे ती सांगायलाच हवी. आडव्या अक्षावरच्या ११ च्या मापनातही गोंगाट असतो. आडव्या अक्षावर गोंगाट असला की उतार खाली येतो, हा रिग्रेशनचा जुना धर्म. इथे उतार खाली येणं म्हणजे बाष्प जास्त दिसणं. त्यामुळे एकसारख्या सपाट पृष्ठभागावर, जिथे जमिनीच्या तापमानातला फरक गोंगाटाच्या तोडीचा आहे, तिथे ही पद्धत कोरडी हवासुद्धा दमट म्हणून दाखवेल.

कललेली_कक्षा

अगदी बरोबर. म्हणून चौकटीतलं विचरण गोंगाटाच्या विचरणापेक्षा बरंच मोठं असेल तरच ती चौकट धरायची, नाहीतर सोडून द्यायची. शांत समुद्रावर तर वापरूच नये. आणि चौकटीत विरळ ढगाचं एखादं टोक शिरलं तरी उतार भलताच येतो, कारण मग पिक्सेलांमधला फरक जमिनीमुळे नसून ढगामुळे असतो.

शंकासुर

म्हणजे समुद्रावर एक पद्धत, जमिनीवर दुसरी, ढगात तिसरी. एक जागतिक नकाशा हवा असेल तर?

दवबिंदू

तर हे तुकडे शिवावे लागतात आणि शिवण दिसते. त्यात अवरक्त पद्धतींना निरभ्र आकाशच लागतं (धागाकर्त्याच्या आयडीवर कोटी नाही), आणि निरभ्र आकाशाखालची हवा सरासरीने कोरडी असते. महिन्याभराचे फक्त अवरक्त अंदाज घेऊन सरासरी काढली तर ती खऱ्या सरासरीपेक्षा कोरडी येते. इथे प्रत्येक अंदाज अचूक असूनही सरासरी चुकते. दोष निवडीतला आहे. ढगाळ ऋतूत हा फरक वाढतो.

निरभ्र

हे लक्षातच घ्यायला हवं. आता माझा दुसरा प्रश्न राहिलाय, सहसंबंधाचा.

आकडेमोड्या

हो, तो मुद्दाम मागे ठेवला होता, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते.

बाष्पाच्या चढउताराचा मोठा भाग ऋतू आणि अक्षांश यांचा असतो. उपग्रहाची एकही वाहिनी न वापरता नुसता वर्षातला दिवस, अक्षांश आणि जमिनीलगतचं तापमान घालून रिग्रेशन करा. गुणक लाजिरवाणा चांगला येईल. उपग्रहाने कमावलं किती, हे त्याच्या वर काय मिळालं यावरून ठरवायचं. प्रत्येक स्थानकाच्या प्रत्येक महिन्याची सरासरी वजा करा, खऱ्या आकड्यातून आणि अंदाजातूनही, आणि उरलेल्या विचलनांचा सहसंबंध बघा. तो छापायची हिंमत असेल तर छापा.

दुसरी फसवणूक चाचणीच्या नमुन्याची. सगळ्या नोंदी पिसून ७० टक्के शिकायला आणि ३० टक्के तपासायला ठेवल्या, तर एकाच स्थानकाचे लागोपाठचे दिवस दोन्हीकडे जातात. कालची हवा आजच्यासारखीच असते. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. स्थानकंच्या स्थानकं बाजूला काढा, किंवा पूर्ण वर्षं. मग खरा निकाल कळतो. शंकासुर, तुमच्या न्यूरल नेटवर्कला तर ही परीक्षा दुप्पट कडक घ्या, त्याची पाठांतराची ताकद जास्त.

आणि शिकवणीचा नमुना ज्या हवामानातला, तिथलंच नातं गुणकांत मुरतं. याचं मला आवडणारं उदाहरण उपग्रहाच्या छायाचित्रातलं नाहीच, जीपीएसचं आहे.

कललेली_कक्षा

बेव्हिस?

आकडेमोड्या

तेच. जीपीएसचा रेडिओ संदेश बाष्पामुळे रेंगाळतो. सरळ माथ्यावरच्या दिशेत बाष्पसंचयाच्या साधारण साडेसहापट लांबीचा विलंब होतो, ४० मिमी बाष्पाला सुमारे २६ सेंटिमीटर. विलंबाचं बाष्पात रूपांतर करायला हवेचं बाष्पभारित सरासरी तापमान लागतं, आणि ते कुणी मोजत नाही. बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या १३ स्थानकांच्या ८७१८ रेडिओसोंड नोंदींवरून एक सरळ रेषा दिली: सरासरी तापमान = ७०.२ + ०.७२ × जमिनीलगतचं तापमान, केल्विनमध्ये. जमिनीवर ३०० असेल तर २८६.२. ती स्थानकं साधारण २७ ते ६५ उत्तर अक्षांशांतली. पण सूत्र इतकं सुटसुटीत की ते जगभर वापरलं गेलं. सुदैवाने फटका बेताचा बसतो: तापमानात ५ केल्विनची चूक झाली तर बाष्पात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. दरवेळी नशीब एवढं चांगलं नसतं.

मेघदर्शी

अवांतर: मग हजारो वाहिन्या असलेल्या उपकरणांचं कसं करतात? एअर्स आणि आयासी ही उपग्रहांवरची अवरक्त मापकं घ्या: एअर्सला २३७८, आयासीला ८४६१ वाहिन्या. एवढ्या सगळ्या रिग्रेशनमध्ये?

कललेली_कक्षा

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. शेजारच्या वाहिन्या जवळजवळ तेच सांगत असतात, त्यामुळे सरळ रिग्रेशन केलं तर गुणक प्रचंड मोठे, आलटूनपालटून धन-ऋण असे येतात आणि गोंगाट कैकपटीने फुगवतात. म्हणून आधी मुख्य घटक (वाहिन्यांचा बहुतेक चढउतार सामावणारी मोजकी मिश्रणं) काढायचे, मोजके ठेवायचे, त्यांच्यावर रिग्रेशन. स्मिथ आणि वुल्फ यांनी १९७६ मध्येच सहविचरण सारणीच्या आयगेनसदिशांनी (म्हणजे याच मुख्य घटकांच्या दिशांनी) हे करून दाखवलं होतं. वाहिन्या हजारो असल्या तरी बाष्पाच्या उभ्या रचनेबद्दल स्वतंत्र माहितीचे धागे मोजकेच निघतात.

शिकवणीला फुग्यांची वाट बघत बसत नाहीत. जगभरच्या हजारो उभ्या नोंदी किरणवहनाच्या संगणकी प्रारूपातून काढून कृत्रिम ब्राइटनेस टेम्परेचर बनवतात. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या अवरक्त बाष्पासाठीचा असा संच १५ हजारांहून जास्त नोंदींचा आहे. फक्त त्या कृत्रिम तापमानांत उपकरणाइतका गोंगाट मिसळायला विसरू नये, नाहीतर रिग्रेशन नको तेवढं आत्मविश्वासू होतं.

एअर्सच्या जुन्या आवृत्तीत रिग्रेशनचा अंदाज आरंभबिंदू म्हणून घेत, सहाव्या आवृत्तीपासून तिथे न्यूरल नेटवर्क आलं, आणि त्यानंतर भौतिकी गणिताने तो अंदाज सुधारला जातो. शंकासुरांना अर्धे गुण द्या.

शंकासुर

घेतले. परत देणार नाही.

निरभ्र

एक शेवटचं. मी फुग्यालाच खरं मानतोय. फुगा तरी खरा का?

दवबिंदू

पूर्ण नाही. दिवसा उन्हाने आर्द्रतेचा संवेदक तापतो आणि हवा आहे त्याहून कोरडी नोंदवतो. आरएस-९२ या सर्रास वापरल्या गेलेल्या फुग्याच्या मापकात हा दिवसाचा कोरडेपणा सर्वज्ञात आहे आणि त्यासाठी दुरुस्त्या लावतात. फुग्यातला नुसता गोंगाट रिग्रेशन सहन करतं, ठरावीक दिशेची चूक मात्र ते निमूटपणे शिकतं. शिवाय फुगा वाऱ्याबरोबर दूर वाहत जातो, एका रेषेत मोजतो. पिक्सेल मोजतो क्षेत्रफळाची सरासरी. दोघांत फरक दिसला तर तो सगळा उपग्रहाच्या खात्यावर टाकू नका.

आकडेमोड्या

तीन मापनं असतील तर कुणालाच खरं न मानता प्रत्येकाची त्रुटी काढता येते. स्टॉफेलेन यांनी १९९८ मध्ये समुद्रावरच्या वाऱ्यासाठी ही त्रिमापन पद्धत वापरली. तिन्ही मापनं आधी एका प्रमाणावर आणायची. मग पहिल्याची त्रुटी हवी असेल तर (पहिलं वजा दुसरं) गुणिले (पहिलं वजा तिसरं) याची सरासरी. ते झालं पहिल्याचं त्रुटी-विचरण. अट अशी की तिघांच्या त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

निरभ्र

फुगा, उपग्रह आणि रीअॅनालिसिस (हवामानाचं प्रारूप आणि निरीक्षणं मिसळून केलेली मागच्या हवेची नोंद) घेतलं तर?

आकडेमोड्या

नको. रीअॅनालिसिसमध्ये फुगे आणि उपग्रह दोन्ही आधीच कालवलेले असतात. तुमचं समीकरण फुग्यांवर शिकलेलं असेल तर उपग्रहाचा अंदाजही फुग्यांपासून पुरता स्वतंत्र नाही. किरणवहनावर शिकलेला उपग्रह अंदाज, फुगा आणि जीपीएस असं त्रिकूट धरा.

दवबिंदू

आणि जीपीएस स्थानकाची उंची आधी बघा. बाष्प उंचीबरोबर झपाट्याने घटतं, दर दोन किलोमीटरला साधारण एक-तृतीयांशाच्या थोडं वर उरतं असं धरलं तरी, पिक्सेलच्या सरासरी जमिनीपेक्षा स्थानक ३०० मीटर उंचावर असेल तर त्याच्या खालचं सुमारे १४ टक्के बाष्प त्याला दिसतच नाही. ५० मिमीत ७ मिमी. ही दुरुस्ती न करता त्रिमापन केलंत तर डोंगराळ भागातला सगळा दोष पुन्हा उपग्रहाच्याच माथी येईल.